इंजिनाची तक्रार: इतर मालकांचे अनुभव वाचायचे कसे आणि आपल्या गाडीतला दोष शोधायचा कसा

गाडीनं काही नवीन चाळे सुरू केले की आपण आधी तीच गाडी असलेल्या लोकांना विचारतो. "तुमच्याही गाडीला असं होतं का?" उत्तरं भराभर येतात. कुणी म्हणतं कॉइल बदला, कुणी इंजेक्टर साफ करायला सांगतं, कुणी ऑइलचा ब्रँड सुचवतं, आणि एखादा तरी "ही कंपनीच भंगार, विकून टाका" असं सांगून मोकळा होतो. या सगळ्यांत उपयोगी माहिती भरपूर असते. मालक रोज गाडी चालवतात, आणि पुष्कळदा कंपनीनं मान्य करायच्या आधी दोष त्यांनीच ओळखलेला असतो. पण तो अनुभव आपल्या गाडीला लागू आहे का, हे न पडताळता पार्ट बदलायला लागलो की पैसे जातात आणि दोष जागचा हलत नाही. ती पडताळणी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी इंजिन ओळखा, मॉडेलचं नाव पुरत नाही

एकाच नावाच्या गाडीत साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल अशी तीन वेगळी इंजिनं असू शकतात, आणि मॉडेल चालू असतानाच मध्ये इंजिन बदललेलंही असतं. त्यामुळे "अमुक गाडी विश्वासू आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. अमुक इंजिन, अमुक वर्षांतलं, असं म्हटलं तरच अर्थ आहे. गाडीच्या कागदांवरून किंवा इंजिनावरच्या क्रमांकावरून इंजिनाचा कोड शोधा. सतरा अक्षरी चासी नंबरही लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

टोयोटाचं उदाहरण घ्या. टिकाऊपणाबद्दल या कंपनीचं नाव सगळीकडे आहे. तरीही तिच्या २एझेड-एफई या २.४ लिटर इंजिनात पिस्टन आणि रिंगांमुळे ऑइल खाण्याची तक्रार इतकी वाढली, की अमेरिकेत कंपनीला त्यासाठी वॉरंटी वाढवावी लागली. २०२४ मध्ये टुंड्रा हा तिचा पिकअप आणि तिच्याच लेक्सस ब्रँडच्या मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण इंजिन बनवताना राहिलेला धातूचा कचरा बेअरिंगपर्यंत जाऊ शकत होता. ह्युंदाई-कियाच्या थीटा २ इंजिनाचं २०१५ चं रिकॉलही क्रँकशाफ्टच्या मशीनिंगमधून राहिलेल्या कचऱ्यामुळेच झालं. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये टायमिंग चेन (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारी साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेन लवकर झिजली तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवल्याशिवाय ती बदलता येत नाही.

फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक यांची गोष्ट वेगळी. या इंजिनांच्या ज्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो, त्यांत बेल्टचं रबर सुटायला लागलं तर त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. ऑइलचा दाब पडतो आणि बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन मरतं. प्युअरटेकसाठी स्टेलांटिसनं, म्हणजे प्यूजो-सिट्रोएनच्या मूळ कंपनीनं, युरोपात १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत संरक्षण दिलं, पण सर्व्हिस वेळापत्रकाप्रमाणे झालेली असली पाहिजे या अटीवर. सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवायचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

कुणाचा अनुभव किती धरायचा

ज्याची गाडी सुरळीत चालते तो सहसा काही लिहीत नाही. त्यामुळे तक्रारींची संख्या बघून घाबरू नका, तक्रारींचा साचा बघा. एकमेकांना न ओळखणारे बरेच मालक तेच इंजिन, साधारण तेवढेच किलोमीटर आणि तेच लक्षण सांगत असतील, तर तिथे खरोखर काहीतरी आहे. आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं असेल, तर तो नुसता सर्वसाधारण वैताग समजा.

एखादा अनुभव वाचताना मी या गोष्टी शोधतो: किती किलोमीटरला झालं, ऑइल किती अंतराने आणि कुठल्या ग्रेडचं बदललं जायचं, गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालायची की लांबच्या रस्त्यावर, पार्ट बदलायच्या आधी काही तपासलं होतं का, आणि दुरुस्तीनंतर गाडी किती चालली. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "सेन्सर बदलला, एकदम मस्त झाली" हे दुसऱ्याच दिवशी सांगितलेलं असेल तर त्याला काही वजन नाही. गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा कोड पुसल्यावर इंजिनचा दिवा काही दिवस तसाही बंदच राहतो.

विश्वासार्हतेच्या याद्या वाचतानाही त्या काय मोजतात ते बघा. जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालक संघटनेची आकडेवारी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची असते. ट्यूव्ह या तिथल्याच तपासणी संस्थेचा अहवाल ठरावीक मुदतीच्या तपासणीत सापडलेल्या दोषांचा असतो, त्यात ब्रेक, दिवे, सस्पेन्शन जास्त. जे. डी. पॉवर या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचा टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षं जुन्या गाड्यांचा, दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी असा, आणि त्यात फोन न जोडला जाण्यासारख्या तक्रारीही मोजल्या जातात. चेन सैल होणं, रिंगा जाणं, व्हॉल्व्हवर कार्बन चढणं ही दुखणी बहुधा त्यानंतर बाहेर येतात. तेव्हा इंजिनासाठी या याद्यांपेक्षा लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या मालकांचं म्हणणं मी जास्त धरतो.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. रिकॉल असेल तर त्याचं काम फुकट होतं. त्याशिवाय कंपन्या आपल्या वर्कशॉपना सर्व्हिस बुलेटिन पाठवतात: अमुक लक्षण दिसलं तर अमुक पार्ट, अमुक पद्धत. ती मालकाला आपणहून कुणी सांगत नाही. "या लक्षणासाठी बुलेटिन आहे का, बघून सांगा," असं स्पष्ट विचारायचं.

लक्षणाची नोंद

गॅरेजमध्ये "गाडी कधीकधी झटके मारते" एवढंच सांगितलं तर मेकॅनिककडे अंदाज करण्यावाचून मार्ग उरत नाही. त्याऐवजी हे लिहून न्या: इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, साधारण किती आरपीएमला, चढावर की सपाटीवर, एसी चालू असताना की नसताना, इंधन भरल्यावर लगेच की केव्हाही. आवाज असेल तर फोनवर रेकॉर्ड करा, कारण गॅरेजच्या दारात गेल्यावर तो हमखास गायब होतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल तर संशय चेनच्या टेन्शनरवर जातो. वरून येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची किंवा इंजेक्टरची असते. खालून येणारा, रेस वाढवली की वाढणारा जड ठोका बेअरिंगचा असू शकतो, आणि तसं वाटलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

कुठे लगेच थांबायचं

ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागा पाहून इंजिन ताबडतोब बंद करायचं. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणत चालवलेल्या त्या थोड्याशा अंतरात बेअरिंगं जातात.

गाडी गरम झाली तरी तसंच. इथे एक गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नसते. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, पाणी बऱ्याच अंशांनी वर-खाली झालं तरी तो मधेच राहतो. तो हलला याचा अर्थ तापमान आधीच बरंच चढलंय. आणि कूलंट पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडून काटा उलट कमीही दाखवू शकतो. हीटरमधून अचानक थंड हवा यायला लागली तर कूलंट कमी झाल्याची ती खूण असू शकते. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचा इंजिनाचा भाग) एकदा वाकलं की नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही.

इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर शांतपणे चालवून तपासायला नेता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसिंग मारतंय (सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नाही) की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एग्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन तो जळू शकतो. पाय लगेच हलका करा आणि थांबा.

ऑइल: इथे वेळ द्याच

इंजिनाच्या तब्येतीबद्दल सगळ्यात जास्त ऑइलच सांगतं, आणि ते बघायला काही खर्च येत नाही. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला ओघळ जास्त दिसला तर कमी दाखवणारी बाजू खरी धरा. बऱ्याच गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. पातळी आणि किलोमीटरचं रीडिंग दोन्ही लिहा, महिन्यातून एकदा तरी.

गाडी ऑइल खाते अशी शंका असेल तर मोजमाप असं करा. ऑइल बदलून बरोबर कमाल खुणेवर आणा. दर ५०० किलोमीटरला त्याच जागी, त्याच वेळी, थंड इंजिनावर बघा. टॉप-अप केलं तर मोजून करा. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर तुमच्या हातात आकडा असतो, आणि "जास्त खाते" या तक्रारीपेक्षा आकड्याला वर्कशॉपमध्ये किंमत असते. वर सांगितलेल्या टोयोटाच्या इंजिनासाठी १२०० मैलांना, म्हणजे साधारण १९०० किलोमीटरला, १ क्वार्ट ही मर्यादा धरली होती. क्वार्ट म्हणजे लिटरला थोडा कमी. काही युरोपीय कंपन्या १००० किलोमीटरला अर्धा लिटरही चालतं असं पुस्तिकेत छापतात. माझ्या मते ज्या इंजिनाला एवढं लागतं त्याच्या रिंगांकडे लक्ष द्यायलाच हवं, पुस्तिका काहीही म्हणो.

ऑइल जातंय कुठे, हे धुरावरून कळतं. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील. चढावर, जोर लावल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगा किंवा टर्बो. पांढरा दाट धूर, गोडसर वास आणि कूलंटची घटती पातळी एकत्र दिसली तर हेड गॅस्केट. थंड सकाळी निघून काही मिनिटांत विरणारी पांढरी वाफ मात्र नुसतं पाणी असतं, तिचा धसका घेऊ नका. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी.

ऑइलची पातळी वाढत असेल तर? अनेकांना हे चांगलं लक्षण वाटतं. तसं नाही. बहुधा ऑइलमध्ये इंधन मिसळतंय. होंडाच्या १.५ टर्बोबद्दल थंड प्रदेशांत हीच तक्रार होती: छोट्या फेऱ्या, इंजिन पुरतं तापतच नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतं. डिझेलमध्ये हेच डीपीएफमुळे, म्हणजे एग्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे, होतं. फिल्टरमधली काजळी जाळायला एग्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं, आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचून गाडी बंद केली तर त्यातलं काही ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकचा वास घ्या. इंधनाचा वास स्पष्ट येत असेल तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा.

ऑइल फिल्टर बदलताना जुना फेकू देऊ नका. कापून त्याचा कागद उलगडा आणि उजेडात धरा. बारीक चकाकणारी धूळ, चुंबकाला चिकटणारे कण, तांब्याच्या रंगाचे तुकडे किंवा रबराचे काळे धागे यांतलं काहीही दिसलं तर फोटो काढून ठेवा. तांबूस तुकडे बेअरिंगचे असू शकतात, काळे धागे ऑइलमधल्या बेल्टचे.

ऑइल निवडताना ५डब्ल्यू-३० हा जाडीचा आकडा तेवढा जुळवून थांबू नका. पुस्तिकेत दिलेलं प्रमाणन डब्यावर छापलेलं आहे का ते बघा. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जोर दिल्यावर इंधन वेळेआधी पेटून पिस्टन फुटायचा धोका असतो. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात त्यापासून आणि चेनच्या झिजेपासून संरक्षणाच्या चाचण्या आहेत. जुन्या दर्जाचं ऑइल त्याच जाडीचं असूनही हे काम करेलच असं नाही.

स्कॅनर: कोड म्हणजे निकाल नव्हे

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ सॉकेट (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचायची जागा) सक्तीचं झालं. त्यात लावायचा छोटा रीडर मालकाकडे असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. कोड वाचा, लिहा, त्यासोबतचा फ्रीझ फ्रेमही लिहा, म्हणजे कोड आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान काय होतं ते. त्याआधी काहीही पुसू नका. बॅटरीही तपासा: विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना बहुधा १३.८ ते १४.५. कमजोर बॅटरीमुळे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कॉइल गेली असं कोड म्हणत नाही. इंजिन थंड असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसा, चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच बदला. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही पहिलाच सिलिंडर बोलत असेल तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन. अर्ध्या तासाचं काम, एकही पार्ट विकत न घेता.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. रीडरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम +२० टक्क्यांच्या पुढे आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर कुठेतरी नळी फाटून न मोजलेली हवा आत जातेय. उलट, रेस वाढवल्यावर ट्रिम आणखी चढत असेल तर पंप, फिल्टर किंवा हवेचा सेन्सर बघा. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. तो आला की कन्व्हर्टरच बदलायचा आग्रह होतो. त्याआधी एग्झॉस्टची गळती, जुनं मिसिंग आणि ऑइल खाणं तपासून घ्या, कारण गळतीमुळे कोड खोटाही येऊ शकतो, आणि मिसिंग व ऑइल यांमुळेच कन्व्हर्टर खराब होतो आणि नवाही होईल.

थेट इंजेक्शनचं इंजिन असेल, किलोमीटर बरेच झाले असतील आणि थंड असताना आयडलिंग खडबडीत, पिकअप मंद असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन हा खरा संशयित. या इंजिनांत व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे टाकीत ओतायच्या औषधाने तिथला थर निघत नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करावा लागतो.

इंजिन खोलायच्या आधी

"इंजिनचं काम करावं लागेल" असं कुणी म्हटलं तर काय मोजून म्हणता, ते विचारा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलतो. तिघं सारखे आणि एक १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. लीक-डाउन टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकतात: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गॅस्केटसाठी आणखी सोपी चाचणी आहे. कूलंटच्या टाकीवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला वायू असला तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडेही बघता येतात.

यांतलं काहीच न करता इंजिन उतरवायला निघालेल्या गॅरेजमधून गाडी परत आणा. चांगला मेकॅनिक आकडे दाखवायला कचरत नाही. अंदाजपत्रक लेखी घ्या, जुने पार्ट परत मागा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काहीही खोलायच्या आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तक्रार लेखी नोंदवा. वॉरंटी नुकतीच संपली असली तरी अर्ज करा. दोष त्या इंजिनात ठाऊक असेल आणि पावत्या पूर्ण असतील तर कंपनी खर्चाचा काही वाटा उचलू शकते.

दुसरं, वापरलेलं इंजिन बसवायचा विचार असेल तर पहिलं का गेलं हे आधी शोधा. जाळीत कचरा, बंद पडलेला थर्मोस्टॅट किंवा गळका रेडिएटर तसाच ठेवला तर नव्या इंजिनाचीही तीच गत होते. टर्बो, ऑइल कूलर आणि त्यांच्या नळ्यांमध्ये जुन्या इंजिनाचे धातूचे कण राहतात, ते साफ करणं किंवा बदलणं कामात लिहून घ्या.

दुरुस्तीनंतर

कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकातल्या स्वतःच्या चाचण्या "अपूर्ण" दाखवतात. थंड स्टार्ट, थोडी रहदारी, थोडा स्थिर वेगाचा रस्ता असं काही दिवस चालवल्यावर त्या पूर्ण होतात, आणि त्यानंतरही दिवा लागला नाही तरच काम झालं म्हणायचं. वापरलेली गाडी घेतानाही हेच बघा: दिवा बंद, पण बऱ्याच चाचण्या अपूर्ण, म्हणजे कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती.

ऑइल आणि थंड इंजिनावरची कूलंटची पातळी ५०० आणि १००० किलोमीटरला नोंदवा. प्रलंबित कोड वाचा, ते दिवा लागायच्या आधीच दिसतात. जुना कोड परत आला तर नवा फ्रीझ फ्रेम पहिल्याशेजारी ठेवून बघा. वेग, आरपीएम आणि तापमान तेच असेल तर मूळ दोष अजून आत आहे. ते दोन्ही कागद घेऊनच गॅरेजला जा.